झिंक-निकेल लाइन सुरू झाल्यापासून ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या) आउटलेटला निकेल ७ मिग्रॅ/लिटरच्या खाली येत नाही

भोसरी_ईटीपी

जॉबवर्क प्लेटिंग शॉप, भोसरी एमआयडीसी. जुनी रॅक लाइन आहे, वॉट्स निकेल (नेहमीचा ॲसिडिक निकेल बाथ) आणि त्यावर हेक्स क्रोम (सहा-संयुजी, जास्त विषारी क्रोमियम). नवी बॅरल लाइन अल्कलाइन झिंक-निकेलची, त्यावर ट्राय पॅसिव्हेशन (ट्रायव्हॅलंट म्हणजे त्रि-संयुजी क्रोमचा संरक्षक थर). रोजचं पाणी साधारण १८ केएल (किलोलिटर), त्यातलं झिंक-निकेलच्या रिन्सचं (जॉब धुतल्याचं) ४ केएल.

सगळ्या रिन्स एकाच कलेक्शन टँकमध्ये येतात. तिथून ६ केएलच्या रिॲक्शन टँकमध्ये दिवसाला तीन बॅच. सल्फ्युरिकने पीएच २.५, मेटा (सोडियम मेटाबायसल्फाइट) टाकून ओआरपी (ऑक्सिडेशन-रिडक्शन पोटेन्शियल) २८० मिलिव्होल्टपर्यंत खाली, मग चुन्याने पीएच ९.५, ॲनायनिक पॉली (गाळ एकत्र करणारं पॉलिमर), ट्यूब सेटलर, सँड फिल्टर, कार्बन. ट्यूबवर शेवाळ धरतं म्हणून आठवड्यातून एकदा सेटलरमध्ये हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) सोडतो.

नवी लाइन येण्याआधी निकेल कायम २ च्या आत होतं. आता ७ ते ९ मिग्रॅ/लिटर. झिंक २, एकूण क्रोमियम १.१. हेक्स क्रोम बहुतेक वेळा ०.०५ च्या आत, पण मध्येच एखादा रिपोर्ट ०.३ चा येतो.

एक केमिकलवाला म्हणतो पीएच ११.५ करा. दुसरा म्हणतो आरओ बसवा, प्रश्न मिटला. नेमकं काय चुकतंय?

गाळ_आणि_चुना

दोघांचंही लगेच ऐकू नका. आधी हे निकेल पाण्यात विरघळलेलं आहे की बारीक गाळ होऊन सेटलरमधून निसटतंय ते बघा. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि हे न बघताच केमिकल बदलत बसणं ही सगळ्यात महागडी सवय.

सेटलरच्या ओव्हरफ्लोचं एक लिटर पाणी घ्या. अर्धं तसंच बाटलीत भरा, अर्धं ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून दुसऱ्या बाटलीत. दोन्हींत नायट्रिक ॲसिड टाकून पीएच २ च्या खाली आणा आणि लॅबला द्या. गाळणं आधी, ॲसिड नंतर. उलट केलंत तर बाटलीतला निकेल हायड्रॉक्साइड ॲसिडमध्ये विरघळतो आणि सगळं निकेल ‘विरघळलेलं’ दिसतं. लॅबचा माणूस सॅम्पल न्यायला येतो तेव्हा बाटलीत आधीच ॲसिड घातलेलं असतं, ते विचारून घ्या. हेक्स क्रोमचं सॅम्पल मात्र वेगळ्या बाटलीत, ॲसिड न टाकता, थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायचं.

गाळलेल्यात निकेल १ आणि न गाळलेल्यात ८ आलं, तर केमिस्ट्री ठीक आहे, तुमची पॉली आणि सेटलर चुकतायत. दोन्हींत जवळपास सारखंच आलं, तर पाण्यातलं काहीतरी निकेलला धरून ठेवतंय.

पीएच ११.५ का नको: निकेल हायड्रॉक्साइडची विद्राव्यता सर्वांत कमी असते साधारण १०.२ ते १०.५ ला. झिंकची ९ ते ९.५ ला. झिंक दोन्ही बाजूंनी विरघळतं, १०.५ च्या वर गेलात की झिंकेट होऊन पुन्हा पाण्यात येतं. क्रोमियमचंही तसंच, त्याची जागा ७.५ ते ८.५. म्हणजे ११.५ ला निकेल कदाचित थोडं कमी होईल, पण झिंक ५ ची मर्यादा ओलांडेल आणि नंतर पीएच ९ च्या आत आणायला ॲसिड लागेल ते वेगळंच.

हेक्स क्रोमचं कोडं तुमच्याच पोस्टमध्ये सुटलंय. सेटलरमध्ये क्रोमियम हायड्रॉक्साइडचा गाळ बसलाय, पीएच ९.५, आणि त्यावर तुम्ही हायपो ओतता. अल्कलाइन पाण्यात हायपो ट्रायव्हॅलंट क्रोमला परत हेक्स करतो. ०.३ च्या रिपोर्टच्या तारखा आणि हायपो टाकल्याच्या तारखा शेजारी ठेवून बघा. शेवाळासाठी सेटलरवर पत्रा किंवा काळी ताडपत्री टाका, ऊन लागलं नाही की शेवाळ धरत नाही. ट्यूब रिकाम्या करून नुसत्या पाण्याच्या जेटने धुवा.

रॅक_बॅरल

वरचं बरोबर आहे. मी दोन किरकोळ गोष्टी सांगतो.

पीएच प्रोबवर चुन्याचा थर बसतो आणि मीटर ९.५ दाखवत असताना पाणी ८.७ असू शकतं. पाच टक्के हायड्रोक्लोरिकमध्ये दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ धुवा, ७ आणि १० च्या बफरला कॅलिब्रेट करा. चुन्याच्या लाइनवरचा प्रोब आठवड्यातून दोनदा तरी धुवावाच लागतो.

पॉली ०.१ टक्क्याचं द्रावण करून पाण्यात १ ते २ मिग्रॅ/लिटर पुरते. जास्त टाकली की फ्लॉक (गाळाचा गुठळा) मोठा दिसतो, छान वाटतं, आणि मग फिल्टर प्रेसचं कापड बुळबुळीत होऊन बसतं. पॉली टाकल्यावर ॲजिटेटर २०-३० आरपीएमवर आणा. बऱ्याच ठिकाणी तोच ॲजिटेटर पूर्ण वेगाने चालू ठेवतात आणि बनलेला फ्लॉक फोडून टाकतात.

भोसरी_ईटीपी

हायपोच्या तारखा जुळल्या. बंद केला.

दोन्ही सॅम्पलचा रिपोर्ट आला. न गाळलेलं ८.४, गाळलेलं ७.९. प्रोब धुऊन पीएच १०.३ ला एक बॅच घेतली, निकेल ६.८. म्हणजे विरघळलेलंच आहे. पुढे काय?

लिगंड

हे अमाइनचं काम आहे. अल्कलाइन झिंक-निकेल बाथमध्ये पीएच १२-१३ ला निकेल विरघळलेलं राहावं म्हणून पॉलिअमाइन घातलेले असतात, टेट्राइथिलीनपेंटामाइन वगैरे. बाथमध्ये जे निकेलला धरून ठेवतं तेच रिन्सबरोबर ईटीपीत येतं आणि तिथेही धरूनच ठेवतं. पीएच वाढवला की पकड आणखी घट्ट होते, कारण अमाइनवरचा प्रोटॉन निघून जातो. म्हणून ११.५ चा सल्ला इथे दुप्पट चुकीचा.

सगळं पाणी एकत्र करण्याने नुकसान आणखी वाढतं. या अमाइनना झिंकपेक्षा निकेल जास्त आवडतं. एरवी चुन्याने सहज खाली बसलं असतं ते वॉट्स लाइनचं निकेलही कलेक्शन टँकमध्ये मोकळं अमाइन पकडतं. हिशेब करा: १८ केएल गुणिले ८ म्हणजे रोज १४४ ग्रॅम निकेल. ते ४ केएलच्या एकाच प्रवाहात अडवलं तर ३६ मिग्रॅ/लिटर, आणि तेवढ्याच पाण्यावर महागडं केमिकल खर्च करायचं.

तेव्हा झिंक-निकेलच्या रिन्सची पाइप आजच वेगळी काढा. ४ ते ५ केएलचा वेगळा टँक, कोन तळाचा मिळाला तर उत्तम.

या पाण्याला डायथायोकार्बामेट (डीटीसी) लागेल, बाजारात ‘मेटल प्रेसिपिटंट’ म्हणून ४० टक्क्याचं सोडियम डायमिथाइल डायथायोकार्बामेट मिळतं. एका ग्रॅम निकेलला शुद्ध केमिकल ४.९ ग्रॅम, म्हणजे ४० टक्क्याचं द्रावण १२.२ ग्रॅम. रोजच्या १४४ ग्रॅमला १.७५ किलो थिअरीने, प्रत्यक्षात सव्वा ते दीडपट धरा. झिंकही हे खातं, ग्रॅममागे ११ ग्रॅम द्रावण. म्हणून आधी पीएच ९.३ ला हायड्रॉक्साइड करून झिंक खाली बसवा, वरचं स्वच्छ पाणी काढून घ्या आणि मगच डीटीसी टाका. गाळासकट पाण्यात ओतलंत तर पैसे झिंकवर जातील.

जार टेस्ट अशी: वरच्या स्वच्छ पाण्याचे एकेक लिटरचे पाच बीकर, पीएच ९. डीटीसीचं एक टक्क्याचं द्रावण करून थिअरीच्या ०.८, १.०, १.२, १.५ आणि २ पट टाका. वीस मिनिटं ढवळा. डीटीसीचा गाळ फार बारीक असतो, नुसता बसत नाही. फेरिक क्लोराइड लोखंडाच्या हिशेबाने २०-३० मिग्रॅ/लिटर टाका, पीएच पुन्हा ९ करा, पॉली, अर्धा तास बसू द्या, गाळा, निकेल मोजा. फेरिकने उरलेलं डीटीसीही पकडलं जातं. तुमचं पाणी पुढे सीईटीपीला (सामायिक सांडपाणी प्लांटला) जात असेल तर हे महत्त्वाचं, कारण डीटीसी जिवाणू मारतं. ज्या डोसला निकेल १ च्या खाली गेलं त्याच्या पुढे जाऊ नका.

आणि डीटीसी ॲसिडमध्ये कधीही नाही. पीएच ७ च्या खाली ते फुटून कार्बन डायसल्फाइड सुटतो, विषारी आणि भक्कन पेट घेणारा. डीटीसीचा ड्रम ॲसिडच्या कारबॉयशेजारी ठेवू नका, दोन्हींचा पंप किंवा मगही एक नको.

बाथ_लॅब

पाइप हलवण्याआधी एक थांबा.

झिंक-निकेल बाथ सायनाइड-फ्री म्हणून विकला जातो आणि नवा असताना तो तसाच असतो. पण निकेल ॲनोडवर अमाइनचं ऑक्सिडेशन होतं आणि त्यातून हळूहळू सायनाइड तयार होतं. मेम्ब्रेन ॲनोड (बाथपासून पडद्याने वेगळा ठेवलेला ॲनोड) नसलेल्या जुन्या बाथमध्ये ते चांगलंच साठतं. तुम्ही सध्या हीच रिन्स क्रोमबरोबर पीएच २.५ ला नेताय. त्या टँकवर हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. टोटल सायनाइडचा रिपोर्ट हातात येईपर्यंत झिंक-निकेलचं पाणी ॲसिड टँकमध्ये जाऊ देऊ नका, वेगळं साठवा. सॅम्पल कॉस्टिकने पीएच १२ च्या वर नेऊन द्यायचं, बाथचं एक आणि रिन्सचं एक.

सायनाइड निकेललाही पकडतं, आणि ते टेट्रासायनोनिकेलेट डीटीसीलाही सहज दाद देत नाही. शॉप फ्लोअरवर ओळखायची खूण: डायमिथाइलग्लायॉक्झिमची टेस्ट. अमोनियाने अल्कलाइन केलेल्या पाण्यात अल्कोहोलमधलं एक टक्का डीएमजी टाकलं की निकेल असेल तर गुलाबी-लाल येतो. लॅबचं एएएस (धातू मोजायचं यंत्र) निकेल दाखवतंय आणि डीएमजी पांढरं राहतंय, तर सायनाइडवर संशय घ्या.

भोसरी_ईटीपी

पाणी त्याच दिवशी वेगळं केलं, सध्या दोन सिंटेक्समध्ये साठवतोय. बाथ अडीच वर्षांचा, ॲनोड साधे निकेलचे. रिन्समध्ये टोटल सायनाइड १.८ मिग्रॅ/लिटर. डीएमजी टेस्टला रंग चांगला गडद आला.

म्हणजे निकेल सायनाइडने धरलंय की अमाइनने? आणि आता क्रम काय ठेवायचा? टीएमटी (ट्रायमर्कॅप्टोट्रायझीन, दुसरं मेटल प्रेसिपिटंट) आणि रेझिनबद्दलही विचारायचं होतं.

लिगंड

अमाइननेच. १.८ गुणिले ४ केएल म्हणजे रोज ७.२ ग्रॅम सायनाइड. एका निकेलला चार सायनाइड लागतात, तेव्हा ७.२ ग्रॅम सायनाइड जास्तीत जास्त ४ ग्रॅम निकेल अडवेल. तुमचा प्रश्न १४४ ग्रॅमचा आहे. तरी सायनाइड मारायलाच हवं, कारण १८ केएलमध्ये मिसळूनही ते ०.४ होतं आणि मर्यादा ०.२ आहे.

क्रम असा. पीएच १०.५ ते ११ करा, त्याच्या खाली हायपो टाकायचा नाही, सायनोजेन क्लोराइड सुटतो. हायपो हळूहळू सोडा. थिअरीचा हिशेब इथे उपयोगाचा नाही, कारण सायनाइडच्या आधी अमाइन हायपो पिऊन टाकतं, चांगलं कितीतरी पट. ओआरपी +३५० ते ४०० वर टिकला आणि पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा कागद निळा राहिला की तिथे थांबा. निकेलचं सायनाइड सावकाश फुटतं, म्हणून ही बॅच संध्याकाळी लावून रात्रभर ढवळत ठेवा. सकाळी कागद निळाच हवा. पाण्यात काळपट गाळ दिसला तर घाबरू नका, तो निकेलचाच ऑक्साइड आहे. अमाइनही थोडं तुटतं, त्याचा फायदा डीटीसी कमी लागण्यात होतो.

मग उरलेलं क्लोरीन मेटाने मारा, कागद पांढरा होईपर्यंत. ही पायरी गाळली तर हायपो डीटीसीला जाळतो आणि ‘डीटीसी चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. मेटा पीएच खाली ओढतो, तेव्हा तेवढ्यासाठी कॉस्टिक हाताशी ठेवा. पीएच ९.३, झिंक बसवा, वरचं पाणी काढा, डीटीसी, फेरिक, पॉली.

डीटीसीची जार टेस्ट या हायपो झालेल्या पाण्यावरच घ्या. कच्च्या रिन्सवर काढलेला डोस इथे लागू होणार नाही.

ट्राय पॅसिव्हेशनची रिन्स या टँकमध्ये चुकूनही येऊ देऊ नका. त्यात ट्रायव्हॅलंट क्रोम आहे, इथे हायपो आहे. पुन्हा हेक्स. ती क्रोमच्या टँकमध्येच पाठवा. पॅसिव्हेशनमध्ये ऑक्झॅलिकसारखी ॲसिडं असतात, ती क्रोमला धरतात, तेव्हा तिथे कॉस्टिकऐवजी चुनाच चालू ठेवा. कॅल्शियमने ऑक्झॅलेट खाली बसतं.

टीएमटी पंधरा टक्क्याचं येतं, हाताळायला डीटीसीपेक्षा सुरक्षित, ॲसिडमध्ये कार्बन डायसल्फाइड सोडत नाही. पारा, चांदी, तांब्यासाठी उत्तम. पॉलिअमाइनमधल्या निकेलसाठी कमी पडतं. जार टेस्टमध्ये एक बीकर त्याचाही ठेवा, पण आशा ठेवू नका.

रॅक_बॅरल

क्रोमच्या बाजूला थोडं. एका ग्रॅम हेक्स क्रोमला मेटा थिअरीने २.७४ ग्रॅम, प्रत्यक्षात साडेतीन ते चार. पीएच २ ते २.५ ला काही मिनिटांत होतं, ३ च्या वर अर्धा तास लागतो, ४ च्या वर जवळपास थांबतं. रिॲक्शन ॲसिड खाते म्हणून पीएच वर सरकतो, मध्ये एकदा बघावा लागतो. २८० हा आकडा पाठ करू नका. पीएच बदलला की ओआरपीही बदलतो. डायफिनाइलकार्बाझाइड टाकून जांभळा रंग जिथे बंद होतो तो तुमच्या प्रोबचा खरा सेट पॉइंट. मेटाची उघडी गोणी ओल धरते आणि ताकद जाते. दहा टक्क्याचं द्रावण दोन दिवसांपेक्षा जुनं वापरू नका.

खरा पैसा मात्र रिन्समध्ये वाचतो. समजा ड्रॅग-आउट (जॉबला चिकटून बाहेर येणारं बाथचं पाणी) तासाला ४ लिटर आणि बाथ हजारपट पातळ करायचाय. एका टाकीच्या वाहत्या रिन्सला तासाला ४००० लिटर पाणी लागेल. दोन टाक्या काउंटर-करंट (पाणी जॉबच्या उलट दिशेने वाहील अशा) जोडल्या तर १२६ लिटर. तीन टाक्यांना ४०. बॅरल वर उचलल्यावर अर्धा मिनिट गोल फिरवत ठिबकू द्या, भोकं अडलेली असतील तर साफ करा. वॉट्स बाथ ५०-६० अंशांवर चालतो, पाणी उडतंच, तेव्हा पहिल्या ड्रॅग-आउट टाकीचं पाणी फिल्टर करून बाथमध्येच परत टाका. झिंक-निकेल थंड चालतो, तिथे तेवढी सोय नाही.

आरओबद्दल: आरओ निकेल मारत नाही, रिजेक्टमध्ये घट्ट करून परत तुमच्याच हातात देतो, अमाइनसकट. कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या परवान्यात) झेडएलडीची (बाहेर पाणी अजिबात न सोडण्याची) अट असेल तर आरओ आणि इव्हॅपोरेटर लागतीलच, पण तेही या ट्रीटमेंटच्या नंतर.

गाळ_आणि_चुना

रेझिनचं उत्तर राहिलं. इमिनोडायअसेटिक चिलेटिंग रेझिन सँड फिल्टरनंतर पॉलिशिंगला चांगलं, पण पॉलिअमाइन शिल्लक असेल तर निकेल रेझिनकडे येत नाही, सरळ निघून जातं. बिस-पिकोलिलामाइनचं रेझिन ॲसिडिक पाण्यातही निकेल खेचतं, किंमत मात्र बरीच जास्त. डीटीसीने १ च्या खाली येत असेल तर तुमच्या मर्यादेला, म्हणजे निकेल ३ आणि सगळे धातू मिळून १० ला, रेझिनची गरज नाही. कन्सेंटमध्ये याहून कडक आकडा असेल तर तोच धरा.

डीटीसीचा गाळ हायड्रॉक्साइडच्या गाळात मिसळून प्रेस केला तरी चालतो, पण ज्या कापडावर तो जातो ते ॲसिडने धुवायचं नाही, कारण वर आलंच आहे. कापड पाण्याच्या जेटने आणि गरज पडली तर कॉस्टिकने धुवा. केक ३० टक्के सॉलिडच्या आसपास आला पाहिजे. ओला निघाला तर वजनावर पैसे भरताना पाण्याचेच भरता. घातक कचरा नियमांच्या अनुसूची एकमध्ये हा ३५.३ चा घातक कचरा, छपराखाली, पक्क्या फरशीवर, ९० दिवसांच्या आत मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या चलनासह) रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला जायला हवा. पहिला लॉट पाठवताना गाळात डायथायोकार्बामेट आहे हे त्यांना लेखी कळवा, त्यांच्याकडे तो ॲसिडिक कचऱ्यात मिसळला जाऊ नये म्हणून.